पाच माणसांच्या आवडीनिवडी

“हॅलो? … हॅलो, कोण? … व्हय, लालासाहेबच बोलतोय. … न्हाई, शिराळ्यात न्हवं, शिराळ्याच्या अलीकडं, खेड्यातनं. … बोला की. … सर्वे? कसला सर्वे? … सॉसचा?”

लालासाहेबांनी फोन कानापासून लांब धरून एकदा त्याच्याकडे नीट बघितलं. फौजेतून हवालदार म्हणून घरी आल्याला वीस वर्षं होत आली. या वीस वर्षांत त्यांना फोन आले ते विमेवाल्यांचे, मतं मागणाऱ्यांचे आणि चुकून लागलेले. जेवताना तोंडी लावायला काय घेता, असं विचारणारा हा पहिलाच. रविवार होता, दुपारचे साडेबारा झाले होते. म्हैस परड्यात रवंथ करत बसली होती, भाकरी दुरडीत झाकून ठेवली होती, आणि सकाळपासून लालासाहेब कुणाशी म्हणून बोलले नव्हते. म्हशीशी बोलले होते, पण तिनं मनावर घेतलं नव्हतं.

“आवं न्हाई न्हाई, ठिऊ नका! येळ हाय की. येळच येळ हाय. इचारा. … नाव काय म्हणला तुमचं? … अपेक्षा. ब्येस नाव हाय. गाव कंचं? … बरं, सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. … हां, इचारा. … घरात माणसं किती?”

“… न्हाई, सांगतो की. पर आधी मला सांगा, चारापेक्षा कमी असली तर? … तर सर्वे न्हाई? … म्हंजे फोन ठिवायचा? लगेच?”

“… पाच. पाच लिवा.”

पाच ही काही थाप नव्हती. रेशनकार्डावर अजून पाच नावं होती. फक्त त्यातली चार पुण्याला राहत होती. मुलगा धैर्यशील आणि सून संयोगिता, दोघंही नोकरीला. त्यांचा ऋषिराज दोन वर्षांचा असताना सांभाळायला येणारी बाई काम सोडून गेली, म्हणून ‘चार महिन्यांसाठी’ धैर्यशीलनं आईला, मंगलबाईंना, बोलावून घेतलं. त्या चार महिन्यांना आता तीन वर्षं झाली. ऋषिराज पाचाचा झाला, शाळेत जायला लागला, तरी त्याला शाळेतून आणायला आजी लागायचीच. लालासाहेब मागं राहिले ते ऊस, म्हैस आणि कुलूप सांभाळायला. कुणाचं काही चुकलं नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. चुकलं असतं तर कुणाशी भांडता तरी आलं असतं.

“व्हय, ल्हान पोरगं हाय. नातू. पाच वर्साचा. … सॉस? आवं ताई, त्याचं काय इचारता! सॉसबिगार घास उतरत न्हाई त्याच्या नरड्यातनं. … चपातीला सॉस, भाताला सॉस. गेल्या दिवाळीत तर… सांगू का? हासू नका. … करंजीला लावला त्यानं सॉस. करंजीला! … हां, हासला न्हवं? म्हणलं हुतं हासू नका. … दहापैकी? दहापैकी दहा द्या. अकरा देता येत असलं तर अकरा द्या.”

ती मुलगी हसली तसे लालासाहेबही हसले, आणि आपलं हसणं त्यांना घरात मोठ्यानं ऐकू आलं. त्यांनी भिंतीकडची खुर्ची पुढं ओढली, बूड टेकलं, आणि आता बराच वेळ बसायचं आहे अशा बेतानं पाय लांब केले.

“पुढं? … मुलगा. त्यो सॉसला शिवत बी न्हाई. त्याला खर्डा. … तुमच्या यादीत न्हाई? आसं कसं? मेयोनीज हाय, शेजवान हाय, आन् खर्डा न्हाई? कुणी केली यादी? … बरं, ‘इतर’मदी लिवा. … कसा म्हंजे? हिरवी मिरची तव्यावर करपंस्तवर भाजायची. लसूण, खडं मीठ. आन् तांब्याच्या बुडानं तितंच तव्यावर रगडायची. … मिक्सर न्हाई! मिक्सरमदनं काढला की त्यो खर्डा न्हाई, त्यो लगदा. … रोज? रोज खायचा पोरगा असताना. आता पित्त उसळतंय म्हणतोय. तिकडचं पाणी जड… न्हाई, हितलंच. हितलंच पाणी जड हाय म्हणत हुतो.”

जीभ घसरता घसरता वाचली. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला दरडावलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत चौकीवर कधी डुलकी घेतली नव्हती, आणि इथं एका सॉसवालीसमोर धांदल उडत होती.

“सूनबाई व्हय? तिला ते पांढरं आवडतंय बगा… हां, मेयोनीज. तेच. म्या एकदा लोणी म्हणून भाकरीला लावलं. … कसं लागलं? आता सूनबाईनं आणल्यालं, वंगाळ कसं म्हणायचं? … न्हाई, मत पायजेच आसंल तर आसं लिवा, लोण्यासारखं न्हवतं. … दहापैकी? ते तिलाच इचाराय लागंल. … न्हाई न्हाई, आता न्हाई, आता ती… केस धुतीया. सात लिवा.”

या सर्वेवाल्यांना जगातली प्रत्येक गोष्ट दहापैकी लागते. लालासाहेबांना हे आवडायला लागलं होतं. एकेका माणसाला समोर आणून बसवायचं, त्याच्या ताटाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. चार माणसं झाली की पाचवं यायचं, आणि यादीत अजून लोणची, पापड, मुरांबे, सगळं बाकी होतं. एका लोणच्यावर दहा मिनिटं सहज निघाली असती.

“मालकीणबाईला… तिला कारळ्याची चटणी. वरनं कच्चं तेल. … ते का? का म्हंजे… आता का ते मला न्हाई म्हायती. ती सांगती कुटं! समद्यांची जेवणं झाली की चुलीपाशी बसती, ताटलीत चिमूटभर कारळ्याची घेती, बोटानं खळगा करती आन् त्यात तेल वतती. … न्हाई, इचारलं न्हाई कवा. बगितलंय. बेचाळीस वर्सं बगतोय. … दहापैकी कसं सांगू? … ती दुसरं काय कवा मागतच न्हाई.”

लालासाहेबांनी खुर्चीतूनच एकदा थंड चुलीकडे बघितलं. पलीकडं ती मुलगी बहुधा लिहीत असावी.

“माझं? … माझं काय, चटणी. साधी वर्साची चटणी. कांदा-लसणाची. … हां, ती. सॉस मला न्हाई जमत. टमाट्याचा पाक त्यो, त्यात तिखट कुटं हाय? … ती चटणी म्हंजे काय सांगू तुमाला! म्या पलटणीत आसताना सुट्टी सपली की ट्रंकंत कपडं कमी आन् चटणीचं डबंच जास्ती. बर्फात हुतो आमी, भात गिळंना. पंजाबी, मद्रासी, समदी ताट घिऊन माझ्या खाटंपाशी लाइनीत. ‘पाटील, थोडा लाल वाला दे दो.’ … मग! … तिनंच केल्याली. व्हय. … ह्या साली? ह्या साली बी… घरातच केली. … कुणी म्हंजे? मालकीणबाईनंच की.”

“… तिला फोन द्यू? … का? … जी करती तिच्याशीच बोलाय लागतंय? … दोन मिन्टं? … ती हाय की. म्हंजे हाय पर आता हितं न्हाई. डेरीला गेलीया, दूध घालाय. … दुपारी कसं म्हंजे? … व्हय की. दुपारी डेरी बंद आसती. … आवं पर तुमाला कसं ठावं? … आटपाडीच्या? तुमच्यात बी म्हशी हायत? … मग मगाशी गाव इचारलं तवाच का न्हाई सांगितलं!”

शहरातली मुलगी असती तर ही थाप खपून गेली असती. आटपाडीच्या पोरीला दुधाची वेळ काय शिकवायची? लालासाहेब पकडले गेले. फोन ठेवून द्यावा असं त्यांच्या मनात आलं, पण ठेवला की पुन्हा घरात तीच शांतता होती. आणि गेली वीस मिनिटं कुणीतरी त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारत होतं, हे सोडवत नव्हतं.

“ऐक पोरी. … ताई न्हाई, पोरीच म्हणतो आता. घरात कोन न्हाई. मी एकटाच हाय. … न्हाई गं, मेलं न्हाई कोन, समदी खुशाल हायत. पुण्यात हायत. … म्या खोटं न्हाई बोल्लो. आवडीनिवडी समद्या खऱ्या हायत. माणसं तेवढी हितं न्हाईत. … फॉर्म रद्द हुतोय? … मग हुंदे. पर लगेच ठिऊ नगं. … हां. … आन् चटणी म्या केली. ह्या साली चटणी म्या केली.”

ती गोष्ट त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. दर उन्हाळ्यात मंगलबाई चटणीसाठी म्हणून आठ दिवस गावी यायच्या. अंगणात ब्याडगी आणि लवंगी मिरची वाळत पडायची, घरभर ठसका उठायचा, बायकांचा राबता असायचा. त्या आठ दिवसांवर लालासाहेब उरलेलं वर्ष काढायचे. यंदा मात्र सुनेला रजा मिळेना आणि पोराची शाळा लवकर सुरू झाली. मंगलबाई फोनवर कावऱ्याबावऱ्या झाल्या, ‘कसं करू हो’ म्हणाल्या, आणि हवालदारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, ‘तू येऊ नगंस. त्यात काय एवढं? मी करतो.’

त्या नको नको म्हणतील अशी त्यांची अटकळ होती. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

“… केली की. समदं केलं. देठं खुडली, कांदा उन्हात वाळवून तळला, खोबरं, तीळ, धनं, समदं तिनं फोनवर सांगितलं तसं. डंकाच्या गिरणीत जाऊन कांडून आणली. … न्हाई, तितंच चुकलं. डंकावनं आणली, आन् लगेच बरणीत भरली. गच्च दाबून. … व्हय गं, गरम हुती. हाताला चटकं बसत हुतं. … तुजी आई बी रातभर परातीत पसरून ठिवती? … ठिवायचीच असती. मला काम आजचं आज सपवायची खोड. … श्रावणात झाकण काढलं. वरनं पांढरी लव. म्हणलं वरचं काढून टाकू. खाली उकरत गेलो, उकरत गेलो, बुडापत्तुर तेच. … परड्यात खड्डा काडला आन् पुरली. म्हशीनं तोंड घालू नये म्हणून.”

“… न्हाई सांगितलं. … कुटल्या तोंडानं सांगू? मोठ्या तालात म्हणलं हुतं, त्यात काय एवढं. ती दर रविवारी इचारती चटणी पुरती का, म्या सांगतो पुरती. … दुकानातनं आणायची म्हंजे गावात बोभाटा. शेजारची रंगुबाई तर लगेच फोन करंल तिला. … मग काय खातो? … सांगू नगंस कुणाला. … सॉस खातोय. पोराची बाटली ऱ्हायली हुती फ्रिजात, दिवाळीची. ती सपली, मग दुसरी आणली. नातू येणार हाय म्हणून सांगितलं दुकानात. … भाकरीसंगं, मग कशासंगं! … कसा लागतोय? … गोड. आजारी माणसाला दिल्यासारका.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. लालासाहेबांचा पीळ असा, की बायकोला आपली चूक कळण्यापेक्षा त्यांनी दीड महिना भाकरीला टोमॅटोचा पाक लावून खाल्ला. आणि त्या पिळापायी आठ दिवसांचं तिचं येणंही गेलं होतं. पलीकडच्या पोरीला हे दोन मिनिटांत कळलं, आणि पोरी अशा गोष्टी मनात ठेवत नाहीत.

“… काय? … सांगितलं तर ती यील? … चटणी कराय? आता पावसाळ्यात कुटं चटणी करत्यात! … व्हय, यील. यील म्हणा. नासली म्हणलं तर यीलच ती, बगाय तरी यील. … म्या कसं हे ध्यानात घेतलं न्हाई? … न्हाई, ध्यानात आलं हुतं. खोटं कशाला बोलू. सांगवत न्हवतं. … आगं, ह्यो टुंग टुंग आवाज कसला? … दुसरा फोन? … तिचाच आसंल. एक वाजला न्हवं? रविवारी एकला करती. जेवलासा का, जेवलो. चटणी पुरती का, पुरती. झालं, दोन मिन्टं. … सांगू म्हणतीस? … आताच? … बरं. … बरं, सांगतो. तू बी जेव जा. … सुखी ऱ्हा.”

कुठलं बटण दाबायचं हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. हिरवं दाबलं. आटपाडीची अपेक्षा गेली आणि पुणं लागलं.

“हॅलो? … व्हय, मीच. … दुसऱ्या फोनवर हुतो. … हाय एक वळकीची. … न्हाई, जेवाय बसतोय आता. … म्हस ब्येस हाय. … ऊस बी ब्येस हाय. … तुमी जेवलासा? … वाढतीस व्हय. वाढ, वाढ. … चटणी?”

एरवी इथं ‘पुरती’ यायचं आणि फोन संपायचा.

“चटणी नासली, मंगल. … समदी. … आता न्हवं, श्रावणातच. … गरम भरली. … व्हय, तू सांगितलं हुतंस. … दोनदा सांगितलं हुतंस. … चुकलंच माझं. … दर खेपंला खोटंच सांगत हुतो. … आगं पैल्यांदा ऐक तरी. … तयार चटणीचं पाकीट? … न्हाई न्हाई, पाकीट नगं धाडू. … फोनवरनं मागवलं की उद्याच्या उद्या येतंय ते ठावं हाय मला. … आगं ऐक ना. मला पाकीट नगं. … दुसरी कंपनी बी नगं. मंगल, मला चटणीच नगं.”

फौजेतून चोवीस वर्षं त्यांनी घरी पत्रं लिहिली. प्रत्येकात ‘इकडील सर्व ठीक, काळजी नसावी’ एवढंच असायचं. बर्फात दोन बोटं काळी पडली तेव्हाही तेच लिहिलं होतं. आज मात्र खुर्चीवरून उठून ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

“तू ये. … घरला ये तू. करमत न्हाई मला. … लय दीस झालं करमत न्हाई. घर खायाला उठतंय. पहाटं येरवाळी उठतो, म्हशीचं करतो, आन् मग दीस संपता संपत न्हाई. बोलाय कोन न्हाई. मगाशी सॉसवालीसंगं बोलत बसलो हुतो, आता ठिवती का मग ठिवती म्हणून जीव वरखाली हुत हुता. … चटणी गेली खड्ड्यात. मला तू पायजेस, मंगल. … हॅलो?”

“… हाईस न्हवं? … बोल की. … आगं, वंगाळ काय बोल्लो का मी? …”

“… कोण? … धैर्यशील? … तुज्याकडं कसा काय फोन? आईला दे. … टेबलावर? … स्पीकरवर हुता? … आदीपासनं?”

“… समदीच हायत व्हय तितं.”

हातात पोळ्यांचा डबा होता म्हणून मंगलबाईंनी फोन टेबलावर ठेवला होता, रविवारी ठेवायच्या तसाच. चार ताटं मांडलेली, तिघं बसलेली. बेचाळीस वर्षांत जे एकदाही बोलले नव्हते ते लालासाहेब मुलासमोर, सुनेसमोर, नातवासमोर बोलून बसले होते. त्यांचे कान तापले. भिंतीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि उगाच सदऱ्याची बटणं चाचपली.

“न्हाई रं, काय न्हाई झालं. तब्येत ब्येस हाय. … आवाज? आवाजाला काय झालंय? ठसका लागला हुता. … न्हाई न्हाई, तिला कशाला आणून सोडतोस! पोराची शाळा हाय, तुमच्या ड्यूट्या हायत. कोण बगंल त्याला? … आरं, मी चटणीचं बोलत हुतो. चटणी नासली म्हणून जरा… हां. तेवढंच. … सूनबाई हाय का तितं? … राम राम बाळ. जेवा, जेवा. काय न्हाई, म्हातारपणी आसं बोलतंय माणूस कायबाय. … ऋषिराज, कसा हाईस? … तू बी धाडतोस व्हय सॉस? बरं, धाड.”

“… व्हय रं धैर्यशील, पाकीट धाड एक. … कंचं बी. … ल्हान बास झालं, एकट्याला कितीसं लागतंय! … आई? … न्हाई, आता नगं दिऊस तिच्याकडं. … काय म्हणतीया? … न्हाई, नगं. मागनं बोलतो म्हण. आधी जेवू दे तिला. … ठिवतो.”

आणि मंगलबाईंच्या हातात फोन जायच्या आत त्यांनी लाल बटण दाबलं.